भागिले अठ्ठावन्न

गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात
आणि रात्री साडेदहाला सगळे एकदम रिकामे.
शटर अर्धं खाली.
पुढ्यात हजेरीचं रजिस्टर, कॅल्क्युलेटर, साय धरलेला चहा.
लगीनसराईचा आठवडा संपला,
हिशेब राहिला.

दैवशाला सोनकांबळे, साडी काउंटर.
तासाला साठ.
भरलेले तास अठ्ठावन्न,
म्हणजे अठ्ठेचाळीसच्या वर दहा.
विक्रीवर शेकडा एक:
औशाचा बस्ता, निलंग्याचा बस्ता,
उदगीरच्या त्या मावशी, ज्यांनी त्रेचाळिसाव्या साडीला मान हलवली,
मिळून आठशे सत्तर.

दरकशेठ जाताना सांगून गेले,
"ओव्हरटाइमला साठाचे दुप्पट लावा.
कमिशन वेगळं, पगार वेगळा.
उगाच कालवाकालव नको, गुरुजी."
गुरुजी म्हणतात, कारण मी गणित शिकवायचो,
विनाअनुदानित, बारा वर्षं.
तिथला हिशेब सोपा होता:
शून्याला कितीनंही गुणा.

तीन वर्षं इथं मी तसंच लावलं.
साठाचे दुप्पट. सही. पुढचं नाव.

आज पेन्सिल अडली.
त्रेचाळिसाव्या साडीचं कमिशन
नेमकं कोणत्या तासाचं?
मावशी सातला आल्या.
साडेआठपर्यंत नुसतं "रंग जाईल का" चाललं होतं.
दैवशालानं पदर आपल्याच खांद्यावर टाकून दाखवला,
आधी पंख्याखाली, मग ट्यूबलाइटखाली,
मग दारात जाऊन रस्त्याच्या उजेडात.
बिल फाटलं नऊ चाळीसला, जादाच्या वेळेत.
पण सकाळी घड्या कुणी घातल्या होत्या?
घातल्या नसत्या
तर रात्री उलगडायला काय होतं?

कोणता एक तास त्या पैशावर बोट ठेवून
हा माझा म्हणेल?

तर मग सगळ्यांना वाटून टाकायचे.
अठ्ठावन्न गुणिले साठ, चौतीसशे ऐंशी.
त्यात आठशे सत्तर.
त्रेचाळीसशे पन्नास.
भागिले अठ्ठावन्न. अठ्ठेचाळीस नाही,
जादाचे दहाही याच पंगतीत बसले होते.
पंच्याहत्तर.
बाकी शून्य.
फळ्यावर मुद्दाम घेतो तसलं उदाहरण,
खऱ्या पगारात असं सहसा सुटत नाही.

म्हणजे या आठवड्यात तिचा तास
साठाचा नव्हताच.
दहा तासांचे एकपट आत आलेच आहेत,
वर आणखी एकपट, साडेसातशे.
एक्कावन्नशे.
शेठच्या रीतीनं एकोणपन्नासशे पन्नास.

दीडशेचा फरक.
शेठ म्हणतील, दीडशेनं काय होतं.
तेच की. दीडशेनं काही होत नसेल
तर देऊन टाकायला काय होतं.

मागच्या तीन वर्षांचे दीडशे
मी मोजायला घेतले नाहीत.
घेतले.
मग पान उलटलं.

दैवशाला पायरीवर टाचा दाबत बसलीय,
भावाची गाडी येईपर्यंत.
"काय करलालाव गुरुजी अजून?"
रजिस्टर तिच्याकडं फिरवलं,
पंच्याहत्तरखाली दोन रेघा मारून.
तिनं त्यावर नजरही टाकली नाही,
बोट सरळ मंगळवारवर ठेवलं.
"ह्यो अर्धा तास चहाचा कापलाव का?
मी कुठं चहा पिले?
अहमदपूरचं गिऱ्हाईक होतं,
नऊवारी नेसवून दाखवत होते की."

साडेअठ्ठावन्न.
पुन्हा गुणलं, मिळवलं, भागलं.
चौऱ्याहत्तर रुपये सत्त्याऐंशी पैसे
आणि त्यापुढं आकडे थांबेचनात.

खोडरबर इथंच कुठंतरी होतं.
"करा निवांत," ती म्हणते,
"गाडी यायला टाइम हाय."